बोटीच्या टोकाला बारा

देवमासे दाखवायला लोकांना समुद्रात नेणं हा धंदा जाहिरातीत फार देखणा दिसतो. फोटोत पाण्याबाहेर आलेली शेपटी असते आणि एक बाई हरखून टाळ्या वाजवत असते. खरं चित्र असं की अर्धी बोट पिशवीत तोंड घालून बसलेली असते आणि उरलेली अर्धी विचारत असते, अजून किती वेळ? मी माईकवरून गोड आवाजात सांगायची, “हा समुद्र आहे, मत्स्यालय नव्हे, जरा धीर धरा.” मनात जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोट बाबांची. बाबा कॅप्टन, मी माईकवर आणि दादा धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत. दादाला बोट लागते. बांधलेल्या बोटीवर नुसता पाय ठेवला तरी त्याचा चेहरा पांढरा पडतो, म्हणून त्याला खिडकी मिळाली, आणि खिडकीत बसून बसून त्याला असं वाटायला लागलं की धंदा तोच चालवतो. आई पहाटे उठून चहाचे थर्मास भरायची आणि संध्याकाळी प्रवाशांनी घाण केलेल्या चादरी धुवायची. आमच्या घरात प्रत्येकाच्या अंगाला समुद्राचा वास यायचा, फक्त दादाच्या अंगाला अत्तराचा.

आता घड्याळाचं सांगते, कारण माझं सगळं वाटोळं त्या घड्याळापायीच झालं. समुद्रात ‘तिकडे’ आणि ‘त्या बाजूला’ म्हणून भागत नाही. चाळीस माणसं चाळीस दिशांना माना वळवतात आणि तोवर मासा खाली जातो. म्हणून बोट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. बोटीच्या टोकाला बारा, मागच्या पंख्याला सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. मी “दहा वाजता फवारा!” म्हटलं की सगळे डावीकडे पुढे बघणार. लहान पोरांनासुद्धा एका मिनिटात कळतं. एखादा विनोदवीर प्रत्येक फेरीत हातातल्या घड्याळात बघून म्हणतो, “पण आत्ता तर साडेअकरा झालेत,” आणि त्याची बायको सोडून कुणीच हसत नाही.

गोची एवढीच की माईकवाला माणूस लोकांकडे तोंड करून उभा असतो. म्हणजे बोटीचं टोक त्याच्या पाठीशी. त्याचा डावा हात ही बोटीची उजवी बाजू. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हमखास चुकतो आणि घड्याळ आपल्या बाजूने सांगून बसतो. मीही चुकले होते. शाळा नुकती संपली होती, माईक पहिल्यांदा हातात आला होता. नऊ वाजता एवढं मोठं धूड वर आलं आणि मी आनंदाने बेंबीच्या देठापासून ओरडले, “तीन वाजता!” अख्खी बोट उजवीकडे धावली आणि रिकाम्या पाण्याचे फोटो काढून परत आली. बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दादाने त्याचं गाणं केलं. पाहुणे आले की चहाबरोबर माझी ती गोष्ट ठरलेली: “आमची बाई घड्याळ आरशात बघते!” धक्क्यावरच्या सगळ्या बोटवाल्यांत मग माझं नावच ‘घड्याळबाई’ पडलं.

त्यानंतर मी पुन्हा कधीही चुकले नाही. कधीही. मी अंगाला सवयच लावून घेतली: काही दिसलं की आधी पूर्ण वळायचं, टोकाकडे तोंड करायचं, मगच वेळ सांगायची. पण घरात एकदा विनोद रुळला की तो खरा आहे की खोटा हे बघायला कुणी जात नाही.

बाबांची ख्याती वेगळीच होती. त्यांना देवमाशाचा वास येतो, असं लोक म्हणायचे. सुकाणू धरून ते हनुवटी वर करून उभे राहायचे आणि मान जराशी तिरकी करून भलतीकडेच बघितल्यासारखं करायचे. प्रवासी एकमेकांना कोपराने ढोसायचे, “बघ, बघ, वास घेतायत.” बाबा त्यांच्यासाठी थोडं जास्तच करायचे, हे मला माहीत होतं. सोंग वठवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पूर्वी मी खाली प्रवाशांच्या बाकांपाशी उभी असायची. मग एके दिवशी बाबा म्हणाले, “वर ये. केबिनच्या दारात, माझ्याशेजारी उभी राहत जा. तुला जे जे दिसेल ते आधी मला सांगायचं, मग माईकवर. लाटेचा फेस दिसला तरी सांगायचं.”

“फेससुद्धा?”

“कॅप्टनला सगळं बघावं लागतं. परीक्षेला बसायचंय ना तुला?”

मला आकाश ठेंगणं झालं. आमच्या धक्क्यावर एकही बाई कॅप्टन नव्हती, आणि बाबा मला शेजारी उभं करून शिकवत होते. मी बडबड सुरू केली. दहा वाजता पक्षी, एक वाजता जाळ्याचा पिवळा डबा, अकरा वाजता मासेमारीची होडी, आपल्याकडेच येतेय. बाबा हं हं करायचे आणि सुकाणू हलवायचे. दोन हंगाम मी अशी बोलत राहिले. परीक्षा दिली, पास झाले. आता फक्त बंदराच्या साहेबांची सही बाकी होती, ती हंगाम संपल्यावर व्हायची. पुढच्या वर्षी सुकाणू माझ्या हातात येणार होतं. मी पाठमोरी उभी राहणार नव्हते, माझ्या डोळ्यांसमोर टोक असणार होतं आणि लोकांना काय सांगायचं ते दुसरं कुणीतरी बघणार होतं. मला आयुष्यात एवढंच हवं होतं. फार नव्हतं ते.

एकदा मला ताप आला आणि मी घरी राहिले. त्या दिवशी बाबांना एकही देवमासा दिसला नाही. पिवळ्या बोटीच्या माणसाला सहा दिसले. त्याला आम्ही ‘पिवळ्या’च म्हणतो, बोटीच्या रंगावरून. संध्याकाळी बाबा म्हणाले, “आज समुद्र रिकामा होता.” मी तापात पडून खुश झाले. वाटलं, माझ्याशिवाय बाबांचं पान हलत नाही.

हंगामाच्या शेवटी आतल्या खाडीत एक मादी पिल्लाला घेऊन आली. उथळ, शांत पाणी. पिल्लाला दूध पाजायला त्या अशीच जागा शोधतात. आई आणि पिल्लू असलं की आमचे नियम कडक. एका वेळी एकच बोट जवळ जाणार, बाकीच्यांनी लांब थांबायचं. जवळ गेल्यावर इंजिन सुटं करायचं, पंखा फिरता कामा नये. आणि पहिली बोट निघताना दुसरीला वायरलेसवरून सगळं सांगणार.

पिवळ्या आमच्या आधी तिथे होता. निघताना तो वायरलेसवर म्हणाला, “आई-पिल्लू आहे. पिल्लू फार भटकतंय, आईपासून लांब जातंय. सांभाळून.” मग जरा थांबून पुन्हा म्हणाला, “खरंच सांभाळून.” बाबा चिडले. म्हणाले, “हा मला शिकवतोय.”

आम्ही हळूहळू पुढे गेलो. उजवीकडे, दोन वाजता, मादी वर आली. तिची पाठ बराच वेळ पाण्याबाहेर राहिली, काळी, ओली, चकाकणारी. सगळे प्रवासी उजव्या कठड्याला चिकटले, फोन वर झाले. मी माईकवर तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलले. मग सवयीने वळले, टोकाकडे तोंड केलं आणि मला डाव्या बाजूला पिल्लू दिसलं. अगदी जवळ, पाण्याच्या जरासं खाली, आमच्याचकडे येत होतं. पिल्लांना बोटींचं कुतूहल असतं. त्यांना अजून काही शिकवलेलं नसतं.

“बाबा, दहा वाजता पिल्लू. जवळ आहे. इंजिन सुटं करा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान तिरकी केली, उजवीकडे क्षणभर बघितलं आणि सुकाणू डावीकडे फिरवलं.

मी ओरडले, “डावीकडे नाही! दहा! दहा!” आणि इंजिनाच्या दांड्यावर हात टाकला, पण तोवर बोटीखालून एक ठोका आला. मोठा नव्हता. प्रवाशांतल्या काहींना तर कळलाही नाही. मला मात्र तो पायाच्या तळव्यांतून थेट दातांपर्यंत कळला. मग पंख्याने काहीतरी ओढल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

डाव्या बाजूचं पाणी लाल झालं. उजवीकडचे लोक अजून फोटो काढत होते. एका छोट्या मुलीने वळून पाहिलं आणि आईला विचारलं, “हे काय सांडलं?” आणि मग सगळे वळले. मादी बोटीखालून पलीकडे गेली. ती वर आली, तेव्हा पिल्लाला नाकाने वर ढकलत होती. ते परत खाली जायचं, ती परत ढकलायची. आमचं इंजिन बंद होतं, आम्हाला तिथून निघताही येईना. पिवळ्या येऊन आम्हाला ओढून नेईपर्यंत आम्ही ते बघत बसलो. माईक माझ्या हातातच होता. कुणाला काय सांगू?

धक्क्यावर माणसं गोळा झाली होती. बातमी वायरलेसवरून आमच्या आधीच पोहोचली होती. बंदराचे साहेब स्वतः आले होते. बाबा बोटीतून उतरले, कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, “हिने घड्याळ आपल्या बाजूने सांगितलं.”

मला वाटलं, माझ्या कानांत पाणी गेलंय. दादा गर्दीतून पुढे आला, माझ्याकडे बघून म्हणाला, “परत आरशात?” पण या खेपेला तो हसत नव्हता. आजूबाजूच्या चारचौघांनी माना डोलावल्या. ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. खापर फोडायला माझं डोकं आयतंच तयार होतं, इतकी वर्षं त्यावर हसून हसून त्यांनीच ते घडवलं होतं.

“बाबा, मी वळले होते. टोकाकडे तोंड करून बोलले मी.”

“तू लोकांकडे तोंड करून होतीस,” बाबा म्हणाले. “मला आठवतंय ना.”

ते इतक्या खात्रीने म्हणाले की मला क्षणभर माझीच शंका आली. मी खरंच वळले होते का? मी दोन वेळा ‘दहा’ म्हणाले, ओरडले, हे आठवत होतं. पण बाबा माझ्यावर खोटा आळ घेतील, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यापेक्षा मी चुकले असेन हे सोपं होतं.

घरी दारामागे ओली जाकिटं टांगलेली होती, जमिनीवर पाण्याचं थारोळं. कुणी पुसलं नाही. आईने चहा केला आणि कुणी प्यायला नाही. दादा म्हणाला, “उद्या साहेब विचारतील. एकजण चुकला, एवढं त्यांना पुरेसं आहे. कॅप्टनची चूक ठरली तर परवाना जाईल, बोट धक्क्याला बांधून सडेल.”

“आणि माझी ठरली तर?”

“तुझा परवाना अजून झालाच कुठे आहे?”

“तो पुढच्या महिन्यात होणार आहे, दादा.”

“मग नाही होणार,” दादा म्हणाला. कपडे वाळत घालण्याबद्दल बोलावं तसं.

मी आईकडे बघितलं. वाटलं, आई तरी बोलेल. आई म्हणाली, “तू तरुण आहेस गं. त्यांचं वय झालंय. आयुष्यभर मिळवलेलं नाव असं धुळीला मिळालं तर ते हाय खातील.” मग माझ्या ताटलीत एक बिस्कीट ठेवलं. लहानपणी इंजेक्शन दिल्यावर ठेवायची तसं.

साहेबांची खोली बंदराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. टेबलावर काच, काचेखाली बंदराचा नकाशा, वर कुरकुरणारा पंखा. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी प्रवाशांनी काढलेल्या सगळ्या चित्रफिती मागवल्या होत्या. चाळीस जणांनी चित्रण केलं होतं आणि चाळीसही चित्रफितींत उजव्या बाजूचं पाणी आणि मादीची पाठ होती. एकीत एका कोपऱ्यात माझं कोपर दिसत होतं. माझं तोंड कुठे होतं हे बघायला कुणी कॅमेरा माझ्याकडे कशाला वळवेल? मी काही देवमासा नव्हते.

साहेबांनी विचारलं, “तुमचं तोंड तेव्हा कोणत्या बाजूला होतं? नीट आठवून सांगा. यावर बरंच काही अवलंबून आहे.”

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे, खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, लाज वाटतेय त्यांना. माझ्याशी नजर मिळवायची हिंमत होत नाहीये. आणि तिथेच मी विरघळले. आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला लहान दिसले.

“लोकांकडे होतं,” मी म्हणाले. “चूक माझी.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्हाला कॅप्टनचा परवाना देता येणार नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही. यापुढे बोटीवर कामही नको.” बाबांना त्यांनी ताकीद देऊन सोडलं. बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला, तो आधी हवेत गेला, मग मानेवर आला, मग पाठीवर. मला वाटलं, हात थरथरतोय. मला रडू आलं. माझ्यापेक्षा मला त्यांचीच जास्त दया आली. मूर्खपणाला काही सीमा असते म्हणतात, मला तरी ती लागली नाही.

त्यानंतर बाबा समुद्रात गेले नाहीत. म्हणाले, मन उडालं. धक्क्यावर सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. पोरीच्या चुकीने एक जीव गेला आणि म्हाताऱ्याने मनाला लावून घेतलं, अशा गोष्टी लोकांना आवडतात. दादाने बोट पिवळ्याला चालवायला दिली आणि स्वतःसाठी बाजारपेठेत काचेचं दार असलेलं ऑफिस घेतलं. धक्क्यावरची तिकीट खिडकी रिकामी झाली, तिथे मला बसवलं. खिडकी म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं एक भोक. त्यातून मला लोकांचे हात दिसायचे, चेहरे दिसायला वाकावं लागायचं. हात विचारायचे, “व्हेल नक्की दिसेल ना?” मी म्हणायची, “नशीब असेल तर.” जाळीमागून समुद्राचा जो तुकडा दिसायचा त्यात फक्त बांधलेल्या बोटी होत्या.

पाऊस येऊन गेला, नवा हंगाम सुरू झाला. एके दुपारी फेऱ्यांच्या मध्ये पिवळ्या खिडकीशी आला. डबा उघडून कठड्यावर टेकून जेवत होता. तसा माणूस बरा आहे, फक्त बोलताना थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही.

“काही म्हण, घड्याळबाई,” तो म्हणाला, “तुझ्या बाबांना मानलं पाहिजे. डोळे गेलेले असताना दोन वर्षं बोट चालवायची म्हणजे खायचं काम नाही.”

“कुणाचे डोळे गेलेले?”

त्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे?”

“कुणाचे डोळे, पिवळ्या?”

“अगं, सगळ्यांना माहीत होतं. धक्क्याला बोट लावताना ते कानाने लावायचे, इंजिनाचा आवाज भिंतीवरून कसा परत येतो त्यावरून. म्हणून तर मी त्या दिवशी दोनदा ‘सांभाळून’ म्हणालो. मी तुला सांगत होतो ते. मला वाटलं, तुला तर माहीतच असणार. तूच तर त्यांचे डोळे होतीस.” तो डबा बंद करायला लागला. “मला वाटलं, तू जाणूनबुजून त्यांना वाचवलंस. आम्ही सगळे म्हणत होतो, पोरगी काय मोठ्या मनाची आहे.”

मी खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर दोन जण तिकिटासाठी उभे होते, त्यांच्या बोटांवर ती पडली असती. मला पर्वा नव्हती.

घरी आई मागच्या नळावर थर्मास घासत होती. आता ती पिवळ्याच्या फेऱ्यांचे थर्मास भरते. मी उभ्या उभ्या विचारलं, “बाबांना दिसत नाही?”

आईने ब्रश थांबवला नाही. “मधलं दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, यावर काही औषध नाही.”

“कधीपासून?”

“तू वर उभी राहायला लागलीस ना, त्याच्या थोडं आधी.”

“दादाला माहीत आहे?”

“त्यानेच नेलं होतं डॉक्टरकडे.”

“आणि मला? मला का नाही सांगितलं, आई?”

आईने थर्मास उपडा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझी कीव आली असावी असं दिसलं, पण लाज दिसली नाही. “तुला सांगितलं असतं तर तू बोट थांबवली असतीस,” ती म्हणाली.

हे खरं होतं. मी थांबवली असती. पहिल्याच दिवशी. ते पिल्लू आज कुठेतरी आईमागून पोहत असतं आणि मी सुकाणू धरून असते. घरात माझ्याबद्दल एवढी अचूक माहिती होती आणि ती त्यांनी कशासाठी वापरली, तर मला अंधारात ठेवायला.

बाबा मागच्या ओट्यावर बसले होते, समुद्राच्या बाजूला तोंड करून. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी मान तिरकी केली. तेच ते वास घेतल्यासारखं. कडेने मला बघत होते, एवढाच त्याचा अर्थ होता आणि मी दोन वर्षं त्याला सोंग समजत होते.

“आज लवकर?” ते म्हणाले.

“बाबा, त्या दिवशी मी वळलेली होते की नव्हते?”

त्यांनी तोंड परत समुद्राकडे केलं. “मला दिसलं नाही,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “तू दहा म्हणालीस. मला उजवीकडे काहीतरी काळं दिसलं. मला वाटलं, तेच पिल्लू. म्हटलं, ही परत उलटं सांगतेय.”

“ती मादी होती.”

“हो. ते नंतर कळलं.”

“नंतर म्हणजे कधी? साहेबांसमोर ‘मला आठवतंय’ म्हणालात तेव्हा कळलेलं होतं?”

“ठोका बसला तेव्हाच कळलं,” बाबा म्हणाले.

मला ओरडायचं होतं. त्यांना धरून गदागदा हलवायचं होतं. इतका राग मला आयुष्यात कुणाचाच आला नव्हता, आणि तरी त्या रागाच्या तळाशी मी अजून एक गोष्ट धरून होते. एकच. निदान ती तरी माझी होती असं मला वाटत होतं. म्हणून मी विचारलं.

“मग मला दोन वर्षं शेजारी उभं करून शिकवलंत, ते? मला कॅप्टन करायचं होतं ना तुम्हाला?”

बाबांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. ते हसले, लहान मुलाने काहीतरी वेड्यासारखं विचारल्यावर हसावं तसे, मायेने.

“अगं, दिसत असतं,” ते म्हणाले, “तर तुला वर कशाला बोलावलं असतं?”

समोर पाणी होतं आणि पिवळ्याची बोट प्रवाशांना घेऊन परत येत होती. बाबांना इंजिनाचा आवाज ऐकू आला असणार, त्यांनी मान तिकडे वळवली. मग उठले आणि हात पुढे केला. मी बसले होते तिथे नव्हे, जरा बाजूला, हवेत.

“चल, आत ने मला. गार व्हायला लागलं.”

मी तो हात थोडा वेळ तसाच राहू दिला. मग धरला, कारण ओट्याला तीन पायऱ्या आहेत आणि आई नळापाशी उभी राहून बघत होती. आत नेऊन खुर्चीत बसवलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात चाचपले, सावरून बसले.

“उद्यापासून खिडकी जरा लवकर बंद करून येत जा,” ते म्हणाले. “मला धक्क्यापर्यंत फिरवून आणायला. आईला एकटीला नाही झेपत.”

“नाही,” मी म्हणाले. स्पष्ट, समोर उभी राहून, त्यांच्याकडे तोंड करून.

बाबांनी ऐकलं. मान हलवली.

“बरं, उद्या नको,” ते म्हणाले. “परवापासून ये.”